फिरणाऱ्या घरातले काका

"लाइट गेली? बिल्कुल छान. चला वर."

अख्खी सोसायटी वीजवाल्यांच्या नावानं बोटं मोडत असताना खुशीत गच्चीवर निघणारा माणूस तुम्ही पाहिलाय? नोएडाच्या आमच्या नव्या सेक्टरात असे एक काका होते. सरकारी ऑफिसातून ड्राफ्ट्समन म्हणून रिटायर झालेले, एका हातात ट्रायपॉड, दुसऱ्यात जुना कॅमेरा. "आकाशाला अंधार लागतो यार," म्हणायचे. मी त्यांच्या मुलाच्या वयाचा, पण काकांना सगळेच यार.

कॅमेऱ्याचं शटर ते तासभर उघडं ठेवत. फोटोत ध्रुवाभोवती ताऱ्यांच्या गोल रेघा उमटत.

"कमाल फिरतात हो तारे," मी एकदा म्हणालो.

"ते कुठले फिरतात? आपण फिरतोय. ही बिल्डिंग, तुझी स्कूटर, सगळं."

त्या रात्री जिना उतरताना मी उगाचच कठडा धरला.

हा नुसता छंद नव्हता, हे मला उशिरा कळलं. सरकारी क्वार्टरच्या तळमजल्यावरून इथं सातव्या मजल्यावर आल्यापासून काकूंना घर फिरताना जाणवे. दिवसभर पलंगाची कड धरून असत बिचाऱ्या. डॉक्टर म्हणाले, "वहम है," नुसता भास. काकू रोज विचारत, "अहो, मला वेड लागलंय का?" काका त्यांचा हात धरून बसत, पण तो प्रश्न त्यांना आतून खात होता.

मग त्यांनी दोन फळ्या बिजागरीनं जोडल्या, एक लांब स्क्रू घातला, वरच्या फळीवर कॅमेरा बसवला. बिजागरी ध्रुवाच्या रोखानं. मी टॉर्चवर रुमाल धरून घड्याळ दाखवत होतो. मिनिटाला एक फेरा, असा अर्धा तास त्यांनी स्क्रू फिरवला. कॅमेरा ताऱ्यांबरोबर सरकत राहिला.

फोटो धुऊन आला आणि माझ्या अंगावर काटा आला. तारे जागच्या जागी, नुसते ठिपके. आमच्या बिल्डिंगा मात्र एका बाजूला ओढल्या गेलेल्या, खिडक्यांतल्या मेणबत्त्यांच्या रेघा झालेल्या.

काकूंनी तो बराच वेळ पाहिला. "असंच," त्या म्हणाल्या. "अगदी असंच होतं."

"वेडबिड काही नाही तुला. तुला कळतं, आम्हाला कळत नाही, एवढंच."

काकू कित्येक महिन्यांनी हसल्या. बायकोवर इतकी माया करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

त्या थंडीत काकू झोपेतच गेल्या. नंतर दोन-तीनदा लाइट गेली, पण काका वर आले नाहीत. मी टॉर्च घेऊन त्यांच्याकडे गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पॅसेजमध्ये काका जमिनीवर बसले होते, पाठ एका भिंतीला, पाय समोरच्या भिंतीला रोवलेले.

"काका?"

"आधी खाली बस," ते हळूच म्हणाले. "उभा राहू नकोस. एवढ्या वेगात ती एकटी कशी राहिली रे?"

मला त्यांची भीती वाटली. असं फिरणं कुणाला जाणवत नसतं, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण मी त्यांच्या शेजारी बसलो आणि दोन्ही तळवे फरशीवर घट्ट दाबून धरले.