दादाची तीनचाकी आणि बोरीचा चढ

माझा भाऊ सायकलवरून पडून मेला नाही.

आधी पाय गेले. मग हात. मग गिळणं. शेवटी श्वास.
आज वर्ष झालं. तरी अजून कोणी ना कोणी भेटतं आणि विचारतं, "त्या मोटरच्या सायकलनं अपघात झालता न?"
नाही झाला. काय झालं ते एकदाच लिहिते.

दादा ड्राफ्ट्समन होता. लग्न केलं नाही. यवतमाळला आमच्याच घरी वरच्या मजल्यावर राहायचा. दर रविवारी सायकलनं गावी, बोरी अरबला आईकडे. आई तिथं एकटी, शेती स्वतः पाहणारी. कपाशी, तूर सोडून शहरात दोन दिवस राहायला तयार नसायची.

मग दादा चालताना अडखळायला लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मोटर न्यूरॉन. एकेक स्नायू निकामी होत जातो. औषध नाही म्हणाले.

परतताना गाडीत दादा एवढंच बोलला, "आईले सांगू नको."

दोन चाकांवर तोल जायला लागला तेव्हा त्यानं रिकम्बंट ट्राइक मागवली. पाठ टेकून, पाय समोर लांब करून चालवायची तीनचाकी. पडायची भीती नाही.
पण बोरीला जाताना बहुतेक उतार. येताना तोच सगळा चढ.
पहिल्याच रविवारी जाऊन पोचला. परत येताना चढावर पाय थांबले. टेम्पोत टाकून आणावं लागलं.

इरफानभाई त्याचा शाळेपासूनचा मित्र. लोहाऱ्याला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. त्यानं ट्राइकला मोटर, बॅटरी बसवून दिली. पायडल मारलं तरच मोटर जोर लावायची. पाय थांबले की मोटरही बंद.

इरफानभाई म्हणाला, "थ्रॉटल लावून देतो न बे. अंगठ्यानं दाबून चालव."
"मंग स्कूटरच घेतो न. पाय कायले ठेवू पायडलवर?"

त्या पावसाळ्यात दादा दर रविवारी स्वतःच्या पायांनी तो चढ चढला. मी मागून स्कूटीवर, पार्किंग लाइट लावून.
खूश होता. खरंच होता.

दिवाळीनंतर पाय पायडल फिरवेनासे झाले.

तेव्हा तो स्वतःच इरफानभाईला म्हणाला, "लाव थ्रॉटल. पण पायडल मोटरसंगं फिरलं पायजे. पाय बांधून टाकतो."
"काहून?"
"आई फाटकात उभी राह्यते."

इरफानभाईनं तसंच करून दिलं.

आता पाय मोटर फिरवत होती. आणि आई फाटकातून पाहून शेजारणीला सांगत होती, "माहा पोरगा यवतमाळवरून पायानं येते."

दादा ट्राइकवरून उतरायचाच नाही. उतरला असता तर उभं राहता आलं नसतं.
"उतरून तं बस रे."
"बसूनच तं आहो, आई. मस्त पाठ टेकून."
चहा तिथंच. आई त्याच्याशी तुरीवरच्या अळीचं बोलायची. मी दुसरीकडे पाहायची.

एका रविवारी परतताना, अर्ध्या चढावर, त्याचा अंगठा थ्रॉटलवरून घसरला. पुन्हा दाबता येईना. ब्रेकही दाबता येईना.
ट्राइक मागे यायला लागली. मी स्कूटी तशीच टाकली, सीट धरली, चाकामागे दगड लावला. बाजूनं ट्रक हॉर्न मारत चालले होते.

"फोन करते. टेम्पो बोलावते."
"नको. तू दाब."

मी बाजूनं चालत त्याचा थ्रॉटल दाबला. एका हातानं हँडल धरलं. तो समोर आपल्या पायांकडे पाहत होता. पाय फिरून राह्यले होते, कोणा दुसऱ्याचे असल्यासारखे.


वर थांबल्यावर त्याचा चेहरा ओला होता. पुसायला हात उचलत नव्हता. मी ओढणीनं पुसला.
"आता आईले सांग," तो म्हणाला.

आई दुसऱ्याच दिवशी आली. वावर वाट्यानं कसायला देऊन. जे आम्ही कधी करवून घेऊ शकलो नाही, ते तिनं एका सकाळी केलं.
दादाची चादर बाजूला करून तिनं पाय पाहिले. मांड्या मनगटाएवढ्या राह्यल्या होत्या.

"मले येडी बनवलं तुमी," ती म्हणाली. "हा चढ चढत होता माह्यासाठी. मले सांगतलं असतं तं मीच आली असती न इकडं. पयलेच."



नंतरचे महिने आईनंच सगळं केलं. अंघोळ, नळीतून दूध, कूस बदलणं. मला हात लावू द्यायची नाही. राग होता तिला, माझ्यावरही. तो अजून आहे.

शेवटी फक्त पापण्या हलायच्या. एका दुपारी ती त्याच्या तळपायांना तेल लावत होती आणि त्याचा श्वास थांबला. तिला कळलं. तरी तिनं दुसऱ्या पायाला तेल लावून पूर्ण केलं, मग मला हाक मारली.

आई माझ्याकडेच आहे, दादा. कमी बोलते, पण जेवते. तिची काळजी करू नको.

जा आता. शांत राह्य.
तुझ्या बहिणीचा तुला नमस्कार.