अंगठीतलं अस्वल

ॲडम्सटाउनहून डब्लिनला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत सत्तरीचे एक आयरिश गृहस्थ रोज माझ्यासमोर बसत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. एरवी पेपरात डोकं खुपसून बसणारा हा माणूस गेले काही दिवस बोटातली जाडजूड अंगठी सारखी काढत-घालत होता.

एकदा न राहवून मी विचारलं, "काही झालंय का?"

"ही आजीची. ती म्हणायची, आम्ही रशियातले उमराव, हा आमचा शिक्का." त्यांनी फोन पुढे केला. "हे त्या घराण्याचं मानचिन्ह. गेल्या आठवड्यात एका संग्रहालयाने पाठवलं. ह्यातलं अस्वल डावीकडे बघतंय, अंगठीतलं उजवीकडे. म्हणजे अंगठी नकली आणि आजी थापाडी."

"अहो, शिक्का उलटाच कोरतात," मी म्हटलं. माझ्या डब्यात लाल मेणाच्या वेष्टनातलं चीज होतं, ते पुढे केलं. "दाबून बघा."

त्यांनी अंगठी मेणावर दाबली आणि उचलली. मेणावरचं अस्वल डावीकडे बघत होतं.

मला वाटलं, हसतील. पण त्यांचा चेहरा उतरला.

"तिचा फोटो भिंतीवरून काढून मी माळ्यावर टाकला," ते म्हणाले. "नातवंडांना सांगितलं, बाई खोटारडी होती."

पुढचं स्टेशन त्यांचं नव्हतं. तरी ते उठले. "परतीची गाडी कितीला आहे?" असं विचारून उत्तराची वाट न बघताच उतरले. आमची गाडी हलली तेव्हा ते पलीकडच्या फलाटाकडे जाणाऱ्या पुलाच्या पायऱ्या दोन-दोन करून चढत होते.