मयतीत राजकारण नको

"ए बाई, मयत आहे. इथं राजकारण नको." असं म्हणून पक्षाच्या एका कार्यकर्त्यानं माझ्या हातातला माईक हिसकावून घेतला. बोटं पिरगाळली. घाटकोपरच्या स्मशानात, साहेबांच्या चितेसमोर, अख्ख्या वॉर्डादेखत.

साहेब म्हणजे आमचे आमदार. मी कंत्राटी झाडूवाली. श्रद्धांजलीची भाषणं चालली होती. एक मंत्री नुकताच बोलून गेला, साहेबांची गादी आता त्यांचा मुलगाच चालवणार. त्याला कोणी अडवलं नाही. मग विचारलं, "महिलांतून कोणी दोन शब्द?" मी उठले. एवढंच बोलले, "साहेबांनी माझ्या नवऱ्याच्या चितेसमोर शब्द दिला होता. तो आता कोण पाळणार?"

माईक गेला. आणि मी काय केलं? हात जोडले. "चुकलं साहेब," म्हणाले. माझ्या मुलाच्या वयाच्या त्या कार्यकर्त्याला.

चार वर्षांपूर्वी माझा नवरा विक्रोळीला गटारात उतरला, तो जिवंत वर आलाच नाही. ठेकेदारानं कागदावर लिहिलं, कामावर नव्हताच, पाय घसरून पडला. मयतीला आमच्यात त्रिसरण-पंचशील घेतात. ते झालं आणि साहेबांनी माईक मागवला. अर्धा तास बोलले. विरोधकांना झोडलं, येणाऱ्या निवडणुकीचं सांगितलं. प्रेत तसंच ठेवलेलं. सासूला चक्कर आली. तेव्हा कोणाला राजकारण दिसलं नाही. शेवटी नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून म्हणाले, "हा कामावर मेलाय. तसं कागदावर आणल्याशिवाय मी गप्प बसणार नाही." मला रडू फुटलं. वाटलं, आपल्या पाठीशी कोणीतरी आहे.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर श्रद्धांजलीचा बॅनर लागला. साहेबांचा फोटो दाराएवढा, नवऱ्याचा खाली कोपऱ्यात. मधे साहेबांचं तेच वाक्य, मोठ्या अक्षरांत. बॅनर उतरवला तेव्हा मी मागून घरी आणला. गळक्या पत्र्याखाली बांधला, छापलेली बाजू खाली करून. नवऱ्याचा दुसरा धड फोटोच नव्हता. जेवताना मान वर केली की तो दिसायचा. कागदावर मात्र तो अजून पाय घसरूनच पडलेला.

साहेबांच्या मयतीवरून आले आणि ताट वाढून घेतलं. वर बघायची हिंमत होईना. 'चुकलं' हा माझाच आवाज कानातून जात नव्हता. जिवंतपणी नवऱ्यानं माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, त्या दिवशी पहिल्यांदा त्याची भीती वाटली. चार दिवस मी खाली मान घालून जेवले.

जाऊबाई म्हणाली, "जाऊ दे गं. मेलेल्या माणसाबद्दल कशाला बोलायचं?"

"आणि माझा काय जिवंत आहे?" मी म्हटलं. त्यानंतर मला वर बघता आलं.

आज मुलुंडच्या हॉलमध्ये साहेबांची शोकसभा आहे. पक्षाची बस चाळीच्या तोंडाशी येऊन उभी आहे. बायकांनी पांढऱ्या साड्या नेसून यायचं, असा निरोप आहे. मी रोजचीच निळी नेसलेय. पत्र्याखालचा बॅनर सोडवला, ओल्या फडक्यानं पुसला, घडी करून पिशवीत घातलाय. मंत्री बोलायला उभा राहिला की त्याच्यासमोर उघडणार आहे. बॅनरला माईक लागत नाही.

कोणीतरी म्हणणारच, इथं राजकारण नको. या वेळी हात जोडणार नाही. सांगेन, राजकारणच आहे हे. माझ्या नवऱ्याच्या मयतीत तुम्ही सुरू केलंत. साहेबांच्या मयतीत मी पुरं करणार.