उपरण्याखालचा भाव

आता कापसाचा भाव रेडिओवर येतो. स्टेशनजवळच्या हॉटेलात लोक बशीत चहा ओतून फुंकर मारत मुंबईचा भाव ऐकतात, आणि त्यातला एखादा जुना माणूस माझ्याकडे बघून हसतो. एके काळी हा भाव मी सांगायचो. माझी जागा रेडिओनं घेतली याचं मला वाईट वाटत असेल असा त्यांचा समज आहे. मला काही वाटत नाही. रेडिओचा आवाज माझ्यापेक्षा बरा आहे आणि त्याला पगार द्यावा लागत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी नंदुरबारला नवा बाजार भरायला लागला तेव्हा मी पंचविशीत होतो. मॅट्रिक झालो होतो, आणि शेतात माझं मन नव्हतं हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. बाजाराच्या कमिटीला मोठ्या आवाजाचा, इंग्रजी तार नीट वाचणारा माणूस हवा होता. रोज दुपारी तारघरात जायचं, मुंबईची तार घ्यायची, बाजारात स्टुलावर चढायचं आणि पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून भाव ओरडायचा, मग तोच खडूनं काळ्या फळ्यावर लिहायचा. एवढंच काम. पण त्यापूर्वी मुंबईचा भाव शेतकऱ्याला कधी कळलाच नव्हता. व्यापाऱ्यांना कळायचा, ते तो पोटात ठेवायचे. पहिल्या दिवशी मी ओरडलो तेव्हा गाडीवर बसलेला एक म्हातारा खाली उतरला आणि टोपी काढून उभा राहिला, जसा काही मी सरकारी हुकूम वाचत होतो.

आबा, म्हणजे माझे वडील, याच बाजारात दलाल होते. शेतकऱ्याची गाडी आली की दलाल आणि खरेदीदार समोरासमोर उभे राहायचे, एकमेकांचा हात हातात घ्यायचे आणि वर उपरणं टाकायचे. त्या उपरण्याखाली बोटं बोलायची. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच, आणि अर्ध्या-पावासाठी बोटांची पेरं. तोंडातून शब्द नाही. डोळे भलतीकडेच. हात सुटले की सौदा झाला. शेतकरी बाजूला बैलाच्या तोंडावरच्या माश्या हाकत उभा. त्याला दलाल शेवटी काय ते सांगणार. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या उपरण्याखाली शेतकऱ्याची मूठ बऱ्याचदा सव्वा पैशाची व्हायची. सरकारनं ही चाल बंद केली, तोंडानं बोली लावायचा कायदा केला, तो बरोबर होता. हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

पण आबांची जीभ अडायची. लहानपणापासून. वाक्याचा पहिला शब्द घशात रुतून बसायचा, मानेच्या शिरा फुगायच्या, आणि समोरचा माणूस दुसरीकडे बघायला लागायचा. घरात त्यांचं अर्धं वाक्य माय पुरं करायची, आणि बहुधा बरोबर करायची. ती चेष्टेनं म्हणायची, बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत असं जग म्हणतं, पण माझ्या नवऱ्यानं न बोलता सगळ्या तालुक्याचा कापूस विकला. खरंच होतं ते. उपरण्याखाली आबा अडत नव्हते. त्यांचा हात सरळ होता, एकदा सांगितलेला भाव फिरवत नसे. सातपुड्यातून घाट उतरून आलेले पावरा आदिवासी तर त्यांच्याशिवाय कोणाकडे गाडी सोडत नसत. त्यांना बाजारातली बोली येत नव्हती आणि आबांना कोणतीच धड बोलता येत नव्हती, म्हणून त्यांचं छान जमायचं. सौदा झाला की आबा त्यांच्यासमोर उघड्यावर बोटं धरून दाखवायचे, काय ठरलं ते.

नवा कायदा आला आणि आबांना रोज चार माणसांत तोंड उघडायची पाळी आली. त्यांनी एका तरुण दलालाला भागीत घेतलं. तो ओरडायचा, आबा गाडीजवळ उभे राहायचे. गाड्या कमी झाल्या. पण दलालीचा परवाना आबांच्या नावावर होता, आणि सकाळी टोपी घालून जाण्याला एक जागा होती. शेती काका बघायचे आणि त्यांना त्यात कोणाची लुडबूड खपत नसे. परवाना गेला असता तर आबांना ओट्यावर बसून राहण्यापलीकडे काही उरणार नव्हतं. हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं, कोणी बोलून दाखवत नव्हतं.

त्या वर्षी वेचणीच्या दिवसांत माय तापानं गेली. झटकन गेली. मला रडू आलं नाही. बायका रडत होत्या, मी लाकडं कोण आणतंय ते बघत होतो. आबाही रडले नाहीत. ते दारात बसून राहिले आणि येणाऱ्या माणसाकडे मान हलवत राहिले. आमच्याकडे दुखवट्याला जाण्याला दारावर जाणं म्हणतात. दारावर आलेला माणूस फार बोलत नाही. तो शेजारी बसतो, हात हातात घेतो, थोड्या वेळानं उठतो. त्यामुळे त्या दिवसांत आबांची काही अडचण झाली नाही.

सुतक फिटल्यावर मी कामावर गेलो. डोक्याचं मुंडण टोपीखाली झाकलं, तार घेतली, स्टुलावर चढलो आणि भाव ओरडलो. आवाज पूर्वीसारखाच निघाला. मला वाटलं होतं काहीतरी वेगळं होईल. काही झालं नाही. फळ्यावर अक्षर सुद्धा चांगलं आलं. घरी जेवायला बसलो की ताटात काय आहे ते मला कळायचं नाही, आणि आबा समोर बसून तसेच जेवायचे. त्यांचं वाक्य पुरं करायला कोणी नव्हतं म्हणून त्यांनी वाक्य सुरू करणंच सोडलं होतं.

काही दिवसांनी आबा बाजारात आले. त्याच दिवशी शेठही परगावाहून परतले होते. शेठ म्हणजे एका जिनाचे, सरकी काढायच्या कारखान्याचे, खरेदीदार, गुजराती गृहस्थ. आबांचे निम्म्याहून जास्त सौदे आयुष्यभर त्यांच्याशीच झालेले. माय गेली तेव्हा ते सुरतेकडे होते, त्यांना दारावर येता आलं नव्हतं. मी स्टुलावर उभा होतो, कर्णा तोंडाला होता. शेठ गाड्यांमधून वाट काढत आबांपाशी आले आणि काही न बोलता त्यांनी आबांचा हात धरला. थंडीचे दिवस होते, आबांनी उपरणं अंगावर घेतलं होतं, ते दोघांच्या हातांवर आलं. दोघंही भलतीकडे बघत होते. बराच वेळ ते तसे उभे होते. मी भाव सांगून खाली उतरलो तोवर बाजाराचे निरीक्षक त्यांच्याजवळ पोचले होते आणि त्यांनी ते उपरणं दोन बोटांनी उचललं होतं.

निरीक्षक घाटावरचे, नवीन. माणूस वाईट नव्हता. उपरण्याखाली हात धरायला बंदी होती आणि त्यांनी उपरण्याखाली धरलेले हात पाहिले होते. हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्यांनी कागद केला आणि आबांचा परवाना कमिटीपुढे गेला.

मला राग यायला हवा होता. मी फक्त मनात म्हटलं की हे सोपं आहे. शेठ सांगतील दुखवट्याचा हात होता म्हणून, गावाला माहीत आहे माय गेली ते, माझं बोडकं डोकं पुरावा म्हणून पुरे. घरी मी आबांना एवढंच सांगितलं की तुम्ही काही बोलू नका, विचारलं की मान हलवा. ते माझ्याकडे बघत राहिले. मी ते हो असं धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमिटी बसली. अध्यक्ष शहाद्याकडचे मोठे शेतकरी, पोक्त माणूस. हे प्रकरण लवकर आटपावं अशी त्यांची इच्छा तोंडावर दिसत होती. निरीक्षकांनी पाहिलं ते सांगितलं. मग शेठ उठले. त्यांच्या गुजराती मराठीत म्हणाले, याची बायको वारली, मी गावात नव्हतो, भेटल्यावर हात धरला, यात सौदा कसला? अध्यक्षांनी निरीक्षकांकडे बघितलं. निरीक्षक म्हणाले, असं असेल तर माझं काही म्हणणं नाही. अध्यक्ष आबांकडे वळले आणि म्हणाले, "एवढंच ना हो?"

मान हलवायची होती. आबांनी हलवली नाही. ते उठले, टेबलाच्या कडेला हात टेकला, आणि त्यांची मान फुगायला लागली. सगळे दुसरीकडे बघायला लागले. मी सुद्धा. शेवटी शब्द निघाला.

"त्यानी हात धरा," आबा घरच्या बोलीत म्हणाले. "मी भाव सांगा."

हात शेठनी धरला, पण भाव मी सांगितला, असं ते म्हणत होते. शेठनी डोळे मिटून घेतले. अध्यक्षांनी अगदी सौम्यपणे विचारलं, कापसाचा भाव? आबांनी मान हलवली. मग ते पुन्हा तोंड उघडून उभे राहिले, त्यांना पुढे काही सांगायचं होतं, ते घशात अडलं होतं. अध्यक्षांना ते बघवेना. त्यांनी हात वर करून म्हटलं, राहू द्या, बसा, समजलं आम्हाला. चांगल्या मनानंच म्हणाले. परवाना रद्द झाला. शेठना ताकीद मिळाली. घेणाऱ्याला ताकीद आणि देणाऱ्याला शिक्षा, हे उपरण्याच्या काळातही असंच होतं, कायद्यानं ते मात्र बदललं नाही.

बाहेर आल्यावर मी आबांवर चिडलो. चिडलो म्हणजे चिडल्यासारखं बोललो, आतून काही नव्हतं. कोणी विचारलं होतं तुम्हाला खरं? मान हलवायला काय जात होतं? आबा कचेरीच्या पायरीवर बसले. म्हणाले, सावकाश, एकेक शब्द सोडवत, "मन्हा हातच बोलस. त्याले खोटा कसा पाडू?"

मग त्यांनी माझा हात धरला. उघड्यावर, उपरणं नाही, काही नाही. शेठनी कसा धरला होता ते आधी दाखवलं. नुसता धरलेला हात, त्यात काही नव्हतं. मग त्यांची स्वतःची बोटं हलली, बाजारात त्या दिवशी हलली होती तशी. त्यांना ती हलवायची नव्हती. इतकी वर्षं त्या हातात हात आला की भावच सांगायचा, दुसरं काही त्यांना त्या हातानं येतच नव्हतं. त्यांनी त्या दिवसाचा भाव सांगितला होता. आणि मग त्यांनी दाखवलं की शेठनी काय केलं. शेठनी आबांच्या भावावर एक बोट वाढवून दिलं.

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. दलाल मागतो त्याहून खरेदीदार कमीच देतो. कमी, आणखी कमी, मग मध्ये कुठेतरी हात सुटतात. मागितलेल्याच्या वर कोणी देत नाही. जगात कुठल्या बाजारात देत नाही. घशात अडलेलं वाक्य ते होतं, आणि ते ऐकलं असतं तर त्या खोलीतल्या प्रत्येक माणसाला, निरीक्षकाला सुद्धा, कळलं असतं की तो सौदा नव्हता.

मी उठलो. म्हटलं, चला आत, अजून कमिटी बसलेली आहे, मी सांगतो सगळं. मी सांगितलं असतं, माझा आवाज चांगला होता, त्याचाच मला पगार मिळत होता. आबांनी माझा हात सोडला नाही.

"ते तुन्ही मायसाठे व्हतं," ते म्हणाले. या वेळी त्यांची जीभ अडली नाही. "ते वरडानं नही."

ते ओरडून सांगायचं नव्हतं, म्हणून मी आत गेलो नाही. आबांना घरी पोचवलं, तारघरात गेलो, तार घेतली. मुंबईचा भाव त्या दिवशी चांगला चढला होता. बाजारात आलो, स्टुलावर चढलो, कर्णा तोंडाला लावला आणि सुरुवात केली. वऱ्हाडी कापूस सांगितला, खानदेशी म्हटलं, आणि पुढचा आकडा निघेना. माय गेल्यापासून जे आलं नव्हतं ते सगळं एकदम वर आलं. कर्णा हातात, तोंड उघडं, आणि मी चार माणसांदेखत रडत होतो.

खाली उभ्या असलेल्या लोकांना वाटलं, मुंबईचा भाव कोसळला. त्यांनी गाड्या जुंपायला घेतल्या.