मंगळवारचा परवाना

सोमवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास जळगावात डाळ मिलांच्या रस्त्यावर एक हमाल सायकलसह खड्ड्यात पडला. डोक्याला मार लागला होता. सिव्हिलमध्ये नेल्यावर तासाभरात तो मेला. नव्वदचे दशक नुकते सुरू झाले होते. मी तेव्हा एका दैनिकाचा जळगावचा बातमीदार होतो.

त्याच सोमवारच्या अंकात माझी चार ओळींची बातमी होती. पाण्याच्या पाइपलाइनसाठी हा रस्ता मंगळवारपासून खोदणार, निम्मा रस्ता वाहतुकीला खुला राहील, मालमोटारींनी बाहेरच्या रस्त्याने जावे. डाळीच्या मालमोटारी, बैलगाड्या आणि रिक्षा यांनी तो रस्ता एरवीही तुंबलेला असे, म्हणून नगरपालिका खोदाईचा परवाना अटी घालून देई. खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना पिंपे ठेवायची, दिवस मावळल्यावर लाल कंदील लावायचा. बांधकाम विभागातला कारकून मला परवान्याची कार्बन प्रत दाखवी. मी तारीख, वार, रस्ता उतरवून घेई. रस्त्यावर जाऊन खात्री करावी, असे मला कधी वाटले नाही.

त्या सोमवारी दुपारी मात्र मी तिथून जात होतो. रस्त्याच्या मधोमध गुडघाभर खोल खड्डा होता, कडेला हळदकुंकू आणि फुटलेला नारळ. ठेकेदाराच्या मुकादमाने हाक मारली.

"या पत्रकारसाहेब, खोबरं घ्या!"

"परवाना तर उद्याचा आहे," मी म्हणालो.

"उद्या अमावस. अमावसेला कोण कुदळ मारतं? आज शकुन करून ठेवला. उद्या काम चालू."

"भाऊ, मोठा तुकडा उचला," मागून एक मजूर म्हणाला, "बातमी बी मोठी येईन."

सगळे हसले. मीही हसलो आणि खोबरे खाल्ले. अमावास्या आड आली की आदल्या दिवशी खड्डा पाडून ठेवायचा, ही इथली रीतच होती. मी ती अनेकदा पाहिली होती. पिंपे आणि कंदील परवान्याबरोबर मंगळवारी यायचे होते. खड्डा तसाच उघडा ठेवून माणसे घरी गेली.

संध्याकाळी त्या भागातली वीज गेली होती. पोलीस पंचनाम्याला मंगळवारी सकाळी गेले. तोपर्यंत सोमवारचा खड्डा लांब चरात मिसळून गेला होता आणि दोन्ही बाजूंना पिंपे लागली होती. बुधवारच्या अंकात मी पोलिसांच्या नोंदीवरून लिहिले : सायकलवरून पडून हमालाचा मृत्यू. तो कुठे पडला असेल, हे लिहितानाच माझ्या लक्षात आले होते. तरी मी नोंदीतलेच शब्द ठेवले.

पाच दिवसांनी त्याची बायको कचेरीत आली. सासर धुळ्याचे, तिथे सगळे तो दारू पिऊन पडला म्हणत. बरोबर तिचा भाऊ होता. नवऱ्याला उचलून नेणाऱ्या रिक्षावाल्याने तिला खड्ड्याचे सांगितले होते, पण पोलिसांपुढे यायला तो तयार नव्हता.

"भाऊ, धुयामा बठ्ठा म्हनतस, पीसन पडना," ती म्हणाली. "मना मालक पेत नव्हता. खड्डा व्हता. इतलंच लिखी द्या."

तिचा भाऊ म्हणाला, "नगरपालिकेत गेलो होतो. साहेबांनी तुमच्याच पेपरचं कात्रण दाखवलं. म्हणे, काम मंगळवारी सुरू झालं, पेपरातही तसंच आहे. मग सोमवारी खड्डा कुठून आला?"

मी तिला म्हणालो, "ताई, खड्डा होता. मी पाहिला होता."

ती माझ्याकडे पाहत राहिली.

संपादकांना मी ट्रंक कॉल लावला.

"तू स्वतः पाहिलास?" त्यांनी विचारले.

"हो. सोमवारी दुपारी."

"मग आठवडाभर काय करत होतास?"

मी खोबऱ्याचे सांगू लागलो.

"खुलासा पाठव. तीन ओळी," ते म्हणाले.

खुलासा चौथ्या पानावर निविदांच्या खाली आला. सदर रस्त्यावर सोमवारी दुपारी खड्डा खोदलेला होता व तो आमच्या प्रतिनिधीने पाहिला होता. काम मंगळवारपासून, हे वृत्त केवळ परवान्यावरून दिले होते. तिने दोन अंक नेले, एक सासरी दाखवायला. तिसऱ्या अंकातले कात्रण मी अर्जाला जोडून नगरपालिकेच्या आवक खिडकीवर दिले. कारकुनाने पोचेवर शिक्का मारला.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका बातमीसाठी मी बांधकाम विभागात गेलो, तेव्हा त्या अपघाताची फाईल मागून पाहिली. तिच्यात चार कागद होते. परवाना. पंचनाम्याची नक्कल, मृत्यूचे कारण सायकलवरून पडून. चौकशी बंद केल्याचा शेरा. आणि माझ्या सोमवारच्या बातमीचे कात्रण, 'मंगळवारपासून' या शब्दाखाली लाल रेघ मारलेले.