जरीच्या किनारीचा कोट

आमच्या गावात कोणाचंही भांडण मिटायचं असलं, की आधी बुरूल-एजेची शिलाई मशीन खडखडायला लागते. नारिनच्या डोंगराळ मुलखात रीतच तशी आहे. ज्याच्या हातून चूक झाली त्याने एक मेंढी घ्यायची, गावातल्या दोन-चार पांढऱ्या दाढ्या पुढे घालायच्या आणि समोरच्याच्या घरी जाऊन तिथल्या कर्त्या पुरुषाच्या खांद्यांवर नवा कोट घालायचा. त्याने खांदे पुढे केले की मिटलं. मग त्या गोष्टीचा पुन्हा शब्दही काढायचा नाही. आणि असे कोट शिवावेत तर बुरूलनेच.

मी जिल्दिझ, तिची शेजारीण. तिच्याहून लहान, म्हणून एजे, म्हणजे ताई, म्हणायचं, एवढाच काय तो माझा आदर. बाकी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून माझा अर्धा जन्म तिच्या चुलीपाशी गेला. तिची जीभ तिच्या सुईहून तीक्ष्ण. माझा कंटाळा आला की ती माझा प्याला काठोकाठ भरते. आमच्यात पाहुण्याला चहा अर्धा प्यालाच ओततात, संपला की परत अर्धा, त्यातच मान. भरून दिला म्हणजे 'प्या आणि निघा'. "जिल्दिझ, भरला गं बाई तुझा," ती म्हणायची आणि मी हसत उठायचे. दुसऱ्या कोणाला तिने असा भरून दिलेला मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

तिचा नवरा ताबिल्दी कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर. माणूस दारात मावत नाही, पण मन लोण्याचं, आणि वडीलधाऱ्यांनी चारचौघांत नाव घेऊन हाक मारली की लगेच विरघळतो. एकुलती एक मुलगी अदिनाय, आठवीत. शाळेतून आली की आईच्या शेजारी बसून कोटांचे काठ टाचायची. मुलगी अबोल. बुरूल म्हणायची, "आमच्या घरातलं सगळं बोलणं मीच संपवते, तिला उरतच नाही."

बटाटे काढून झाले होते, त्या सुमाराला कानिशाय-अपा कोट सांगायला आली. रस्त्याकडेच्या निळ्या फाटकाच्या घरातली म्हातारी. मुलगा-सून रशियात कामाला, आणि नातू एल्दियार तिच्या लाडात वाढून दहावीपर्यंत पोचलेला. तिने काळी मखमल मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "शनिवारच्या आत पाहिजे."

"शनिवारच्या आत? एवढी घाई म्हणजे माफीचा कोट," बुरूल डोळा मिचकावून म्हणाली. "काय केलं तुमच्या वाघाने?"

"पोरं आहेत. धक्काबुक्की होते."

"अपा, माझा हिशेब सरळ आहे. नुसती धक्काबुक्की असेल तर साधा कोट पुरे. बेदम चोपला असेल तर जरीची किनार लावावी लागते."

म्हातारीने मांडीवरची मखमल चापून सारखी केली. मग म्हणाली, "किनार लाव."

"अगं बाई! म्हणजे चांगलाच लोळवलाय की!" बुरूल हसली. मीही हसले. "आणि माप कोणाचं?"

"तुझ्या ताबिल्दीएवढाच माणूस आहे. त्याच्याच मापाने शिव."

"हे बरं झालं, मापासाठी लांब जायला नको. आणि काळजी करू नका. खांद्यावर ऊब आली की डोकं आपोआप थंड होतं. माझा कोट घातल्यावर अजून कोणी रागावलेलं राहिलं नाही."

अदिनाय चुलीजवळ बसून दोरा ओवत होती. कानिशाय-अपा जाताना तिच्याकडे न बघता गेली. एरवी ती म्हातारी कोणाच्याही पोरीच्या गालाचा मुका घेतल्याशिवाय जायची नाही. हे मला नंतर आठवलं. नंतर आठवून काय उपयोग?

त्या दिवसांत अदिनाय चालताना एका अंगावर कलायची. आईने विचारलं तर म्हणाली, शाळेच्या जिन्यावरून पडले. तिचा फोनही हरवला होता आणि त्यावरून बुरूलने तिला दोन वेळा धुऊन काढलं होतं, तेव्हा जिन्याचं निमित्त तिला त्याच रडगाण्यातलं वाटलं. पाण्याची बादली उचलायला सांगितली तर मुलगी अर्ध्यात खाली ठेवायची. "राणीसाहेबांना बादली जड होते!" बुरूल म्हणायची. जरीची किनार टाचायला दिली तर टाके वाकडे. बुरूलने ते उसवले आणि परत घालायला लावले. मुलीने खाली मान घालून परत घातले, यावेळी सरळ.

कोट झाला तेव्हा मी तिथेच होते. बुरूलने तो नवऱ्याच्या अंगावर चढवला, कारण माप त्याचंच. काळ्या मखमलीवर ती किनार अशी खुलली होती की ताबिल्दी आरशासमोर गिरकी घेऊन म्हणाला, "असला कोट मिळणार असेल तर मलापण कोणीतरी मारा रे!"

आम्ही पोट धरून हसलो. अदिनाय उठून बाहेर गेली. थंडीत, अंगावर काही न घेता. "दार लाव गं!" एवढंच बुरूल तिच्या मागून ओरडली.

शनिवारी दुपारी निळ्या फाटकातून मंडळी निघाली ती आमच्याच गल्लीत वळली. पुढे सुयुनबाय-आता, म्हणजे सुयुनबाय आजोबा, गावातले सगळ्यात जुने दाढीवाले, काठी टेकत. मागे आणखी दोघे म्हातारे, कानिशाय-अपा, शाळेचे हेडमास्तर, आणि सगळ्यांच्या मागे एल्दियार, दोरीला बांधलेली मेंढी ओढत. मी भिंतीवरून बघत होते, मार खाल्लेला बिचारा कोण आहे म्हणून. ते बुरूलच्या फाटकाशी थांबले.

मी धावत तिच्या घरात गेले. अशा वेळी शेजारणीने चहा-बोरसोकाला हात लावायचाच असतो, आणि खरं सांगायचं तर मला बघायचंही होतं. बुरूलला काही कळत नव्हतं. "ही मंडळी आमच्याकडे? चुकली की काय?" ती म्हणाली, पण चादर अंथरली, बोरसोकचा, म्हणजे तळलेल्या कणकेच्या तुकड्यांचा, ढीग ओतला, लोणी-जॅम मांडलं. दारात आलेल्याला आधी बसवायचं, मग विचारायचं.

सुयुनबाय-आता खोकले. "ताबिल्दी, बाळा, पोरापोरांत काही झालं. या एल्दियारने तुझ्या मुलीवर हात उचलला. शाळेच्या बॉयलरच्या खोलीमागे. तिच्या फोनवरून झालं म्हणे. चुकला. आम्ही त्याचे कान उपटलेत. आता तू मोठं मन कर."

ताबिल्दीचा चेहरा लाल झाला, मग पांढरा, मग त्याने सगळ्यांकडे बघितलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते. हेडमास्तर घाईने म्हणाले, "शाळेचं नाव आहे, मुलीचंही नाव आहे. घरातलं घरात मिटलेलं बरं."

"पोरं भांडतातच," ताबिल्दी शेवटी म्हणाला, "आम्हीपण मार खाल्लाय शाळेत." आणि त्याने खांदे पुढे केले.

कानिशाय-अपाने कोट उलगडला. काळी मखमल, जरीची किनार. मी बुरूलकडे बघितलं. तिने कोट ओळखला, न ओळखायला काय झालं? म्हाताऱ्यांनी तो चढवला, आणि कॉलर मागे जरा दुमडली गेली होती. बुरूल पुढे झाली आणि बोटाने ती सरळ केली. कोट नीट बसला.

"ओमिन," दुवा पुरी करत सुयुनबाय-आतांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. आम्हीही फिरवले. "आता मुलीला बोलवा. तिने आपल्या हाताने याला चहा द्यावा, म्हणजे मनात काही राहायचं नाही."

आमच्यात चहा घरातली लेकच ओतते, त्यामुळे कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. अदिनाय आली, किटलीशी बसली. किटली उचलायला तिला दोन्ही हात लागले. उजवा हात वर जाताना तिने ओठ चावला, ते मी बघितलं आणि बुरूलनेही बघितलं. हीच ती राणीसाहेबांना न झेपलेली बादली. मुलगी चहा ओतू लागली. प्याला अर्धा झाला, तरी ओततेच आहे. वर आला, काठाला लागला, बशीत सांडला. तो तिने एल्दियारच्या पुढे सरकवला.

मग सुयुनबाय-आता हसल्यासारखं करत म्हणाले, "लहान आहे, हात घसरला."

"हात घसरला नाही," बुरूल म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. "अदिनाय, कुठे दुखतंय तुला?"

त्या घरात मंडळी आल्यापासून तो पहिला प्रश्न होता, जो मुलीला विचारला गेला. खरं तर उत्तर ऐकण्यासाठी विचारलेला कितीतरी दिवसांतला पहिला.

अदिनायने आईकडे बघितलं. नुसतं गोंधळून, रागाने नाही. "तुला माहीत आहे ना, आई."

"मला? मला काय माहीत?"

"एल्दियार म्हणाला, तुझी आईच माफीचा कोट शिवणार, आता तोंड उघडून काही होणार नाही. मग अपा आली आणि तू खरंच शिवायला घेतलास." मुलीचा आवाज बारीक होत गेला. "तू म्हणालीस, बेदम मारलं असेल तर जरीची किनार. आणि तू किनार लावलीस. मला वाटलं, तुला सगळं माहीत आहे. किती मारलं ते पण."

मी माझ्या बोरसोकच्या परातीत बघत बसले. दुसरीकडे कुठे बघायची हिंमतच नव्हती.

बुरूलने मुलीच्या हातातून किटली काढून घेतली आणि सुयुनबाय-आतांचा प्याला भरला. काठोकाठ. मग दुसऱ्या म्हाताऱ्याचा, मग हेडमास्तरांचा, मग कानिशाय-अपाचा. चहा चादरीवर ओघळायला लागला तरी ती भरतच होती. ज्या बाईने आयुष्यभर सगळ्या गावाची भांडणं मिटवली, तिने गावातल्या सगळ्यात जुन्या दाढीला 'निघा' म्हटलं.

"बुरूल!" हेडमास्तर उठले. "कोट चढलाय. ओमिन झालंय. आता मोडशील तर लोक काय म्हणतील?"

"चढलाय तो उतरतो," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "मार तू खाल्लास का? मग कोट तुला कशाला?"

ताबिल्दी बसल्या बसल्या बाह्यांतून हात काढायला धडपडला. एवढा मोठा माणूस, पण त्याला बाही सापडेना. शेवटी कोट डोक्यावरूनच काढला आणि घडी करून कानिशाय-अपासमोर ठेवला. मंडळी गेली. मेंढी विसरली. ती मग ताबिल्दीनेच दोरीला धरून भर रस्त्यातून निळ्या फाटकापर्यंत ओढत नेली, आणि जो कोणी काय झालं म्हणून विचारेल त्याला सांगत गेला, "माझ्या पोरीला मारलं आणि मी मेंढी घ्यायला निघालो होतो." प्रत्येकाला. न विचारणाऱ्यालासुद्धा.

बुरूलने मुलीला जाड स्वेटर घालायला म्हणून तिचा सदरा वर केला. बरगड्यांवरचे डाग निळेही राहिले नव्हते, कडेने पिवळे पडायला लागले होते. ती शिवत होती तोवर ते पिवळे पडले होते. ती तशीच सदरा धरून उभी राहिली. अदिनायच म्हणाली, "आई, थंडी वाजतेय."

तालुक्याच्या दवाखान्यात दोन बरगड्यांना तडा निघाला. डॉक्टरने कागद दिला, तो आणि मुलीला घेऊन ती दोघं नवरा-बायको पोलिसांकडे गेली. मुलीने काय काय झालं ते सांगितलं आणि आई मध्ये एक शब्द बोलली नाही, हे ताबिल्दीने मला दोनदा सांगितलं, जगातलं आश्चर्य सांगावं तसं. एल्दियारला दुसऱ्या गावच्या शाळेत घातलं. बॉयलरच्या खोलीमागे इतरही मुलं मार खात होती, ती एकेक करून बोलायला लागली. बऱ्याच घरांनी बुरूलला काम देणं बंद केलं. सुयुनबाय-आता अजून तिच्या दारावरून मान वळवून जातात.

आता बायका तिच्याकडे येतात, कोट शिवायला नाही, तर आपलं मूल गप्प गप्प आहे म्हणून. त्या म्हणतात, एजे, तू बरोबर केलंस, आमच्यात नसती एवढी धमक. बुरूल त्यांना चहा ओतते, अर्धा प्याला, नीट मानाने. म्हणते, पोराला आधी विचार, कुठे दुखतंय, आणि मग तू गप्प बस. माझं कौतुक करू नकोस.

मीही एकदा केलं होतं कौतुक. ती सुईत दोरा ओवत होती. "जिल्दिझ," ती म्हणाली, "तू होतीस ना तिथे? त्यांनी सांगितलं, माझ्या मुलीला मारलं. कोट माझाच होता, ते मी ओळखलं. आणि मी काय केलं? आधी जाऊन कॉलर सरळ केली."