मॅलकीची दुसरी भट्टी

आमचं गाव तटबंदीचं, राजाच्या सनदेचं; म्हणून लंडनच्या पार्लमेंटात आमचा एक माणूस बसतो. तो कोण, हे ठरवणारे मोजकेच. सरकारी मोजणीत ज्याच्या राहत्या घराची, मग ते भाड्याचं का असेना, किंमत अमुक एका रकमेच्या वर जाईल, त्यालाच मत. मॅलकी हॅनरॅटी पाववाला त्यांत नव्हता. त्याचा बापही नव्हता. त्याला हौस एकच, दुसरी भट्टी. तिची वीट न् वीट त्यानं स्वतः लावली. मग मोजणीवाला आला, भट्टी बघून घराची किंमत चढवून गेला, आणि मॅलकी मतदार झाला.

मी समोरच खोगिरं शिवतो. मॅलकी रस्त्यापलीकडून ओरडला, "ह्यू! आता पार्लमेंट माझ्या पावावर चालणार!"

त्यानंतर तो असा मोठ्यानं कधी बोलल्याचं आठवत नाही.

तेव्हा मत तोंडानं द्यावं लागे. कोर्टातल्या ओट्यावर चढायचं आणि सगळ्यांदेखत नाव घ्यायचं. निवडणूक लागली. एकीकडे लॉर्डसाहेबांचा पुतण्या, कॅप्टन. दुसरीकडे गावानं उभा केलेला वकील डेव्हरू. निम्मं गाव लॉर्डसाहेबांच्या घरांत भाड्यानं राहतं, मॅलकीही.

लॉर्डसाहेबांचे कारभारी पर्डनसाहेब कधी नव्हे ते मॅलकीच्या दुकानात आले. हातमोजा काढून त्यांनी नव्या भट्टीवर तळवा ठेवला.

"छान ऊब आहे, हॅनरॅटी. अशा घरातून हिवाळ्यात कुणाला बाहेर काढायचं म्हणजे जिवावर येतं."

"हो, साहेब," मॅलकी म्हणाला.

ते गेले तशी मासळीवाली पेग ब्रीन आली. पाव दाबून पाहत म्हणाली, "नरम आहे रे. तूही असाच का?"

"पेगमावशी, मी अजून काही बोललोच नाही."

"तेच तर! वकिलाचं नाव घ्यायला एवढा वेळ? नदीपलीकडच्या पाववाल्याचा पाव खरं तर आंबट असतो. पण खाऊ आम्ही. सवय होते माणसाला."

मॅलकी हसला. पेग हसली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या दारावर कुणीतरी चुन्यानं शवपेटी रेखाटली होती, बरोबर त्याच्या उंचीची. त्याची बायको सबीना ती पुसायला गेली, तर तो म्हणाला, "राहू दे. पुसली तर म्हणतील, घाबरला."

"घाबरला नाहीस का?"

तो पीठ मळत राहिला. पीठ मळून झालं होतं, तरी मळत राहिला.

मतदानाला, गर्दीनं अंगावर येऊ नये म्हणून, शिपाई त्याला मधे घालून घेऊन गेले. मी गर्दीत होतो. ओट्यावर पर्डनसाहेब खुर्चीत, शेजारी वकिलाची माणसं, खाली सगळा गाव. त्याच्याकडून पाव नेणारं एकेक तोंड तिथं होतं. कारकुनानं विचारलं, "कोणाला?"

मॅलकीचे ओठ हलले.

"मोठ्यानं."

"कॅप्टन."

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. कुणी ओरडलं नाही. गर्दीनं त्याला वाट करून दिली, गरजेपेक्षा जास्त रुंद. जणू त्याला काही लागण झाली होती.

घर राहिलं. पाव मात्र फळीवर वाळू लागले. दुकानापुढून जाताना बायका काही लपवावं तशा नदीपलीकडच्या पावाच्या टोपल्या दुसऱ्या हातात घेत. पेग दारापुढून जाताना नमस्कारही करी, आणि तोच सबीनाला सोसवेना.

महिनाभरानं समोरून ठोके ऐकू आले. जाऊन पाहतो तर मॅलकी दुसरी भट्टी फोडत होता. अंगभर काजळी.

"अरे, वेड लागलं का? नव्या विटा आहेत!"

"मोजणीवाला पुन्हा येणारेय," तो म्हणाला. "त्याला एकच दिसली पाहिजे. यादीतून नाव गेलं म्हणजे त्या ओट्यावर चढायला नको."

नाव गेलं. हळूहळू थोडी गिऱ्हाइकं परतली, पेग सोडून.

पुढं कायदा आला. आता चिठ्ठीवर खूण करायची, घडी घालायची, पेटीत टाकायची. कुणाला काही कळत नाही. मॅलकीला मत नव्हतंच, तरी तो माझ्याकडे आला, दार लोटून घेतलं, आणि दुकानात माझ्याशिवाय कुणी नसतानाही कुजबुजला.

"ह्यू, खरंच कळत नाही?"

"नाही रे."

त्यानं खोगिराच्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

"पण पेटी," तो म्हणाला, "पेटी कुणीतरी उघडत असेलच ना?"